अर्धाच मिटणारा चोक

अण्णा, राजूरच्या डॉक्टरबाईंची जुनी जीप गेल्या आठवड्यात माझ्या भिंगारच्या गॅरेजात आली. टेम्पोवर चढवून आणली, सोबत बाई स्वतः. ऐंशी ओलांडली, हातात काठी आहे, पण जीप विकायला तयार नाहीत. मला म्हणाल्या, "थंडीत सकाळी चालूच होत नाही गं. प्लग बदलले, बॅटरी बदलली. तुझे वडील गेले आणि तिचं दुखणं कळणारं कुणी राहिलं नाही. काय गुण होता त्यांच्या हाताला!" मी बॉनेट उघडलं. आत काय निघणार ते मला माहीत होतं, आणि तेच निघालं.

थंड इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं. चोकचं बटण पूर्ण ओढलं की कार्बोरेटरच्या तोंडावरची पाकळी पूर्ण मिटली पाहिजे. हे मला तुम्हीच शिकवलंत. या जीपची पाकळी मात्र अर्धीच मिटते, कारण बटणापासून पाकळीपर्यंत जाणाऱ्या तारेला तुम्ही मुद्दाम बोटभर ढील देऊन स्क्रू आवळला होता. बाई बटण ओढून दमायच्या, मग तुम्हाला बोलावणं यायचं. तुम्ही जायचात, पाकळी बोटाने मिटायचात आणि जीप लगेच सुरू व्हायची. मग दवाखान्याच्या व्हरांड्यातली खुर्ची, कपबशीतला चहा, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर बाईंनी केलेलं कौतुक. त्या खुर्चीसाठी तुम्ही हे वर्षानुवर्षं केलंत.

मी नववीत असताना एकदा विचारलं होतं, "अण्णा, तार ओढून घेतली तर कायमचं काम होईल ना?" तुम्ही चुलीपाशी भाकरी कुस्करत हसलात. "मंग मला कोन इचारील? आन् हे भाईर बोललीस तर याद राख." आईने तव्यावरची नजर काढली नाही.

त्याच वर्षी मार्गशीर्षात तुम्ही कोल्हारला लग्नाला गेलात. सकाळी दवाखान्यातला कंपाउंडर धापा टाकत दारात आला. "अण्णा हायेत का? वरच्या वाडीत बाई अडलीय, आन् जीप चालू होईना!" आई म्हणाली, "न्हाईत. कोल्हारला गेल्यात." तो माझ्याकडे वळला. "पोरी, तुला काई येतं का गं त्यातलं?" मी नाही म्हणाले. नुसतं एक बोट लावायचं होतं, अण्णा. ऊन चढल्यावर कधीतरी जीप सुरू झाली. डॉक्टरबाई पोचल्या तेव्हा बाळ गेलं होतं. बाळंतीण कशीबशी वाचली.

संध्याकाळी तुम्ही आलात. आईने सगळं सांगितलं. तुम्ही टोपी खुंटीला अडकवली आणि विचारलंत, "बॉनेट कुनी उघडलं व्हतं का?" एवढंच. बाळाबद्दल शब्द नाही, त्या बाळंतिणीबद्दल नाही. मग हात धुऊन जेवायला बसलात आणि आमटीचे भुरके मारलेत. मला वाटलं होतं, निदान आता तरी स्क्रू नीट कराल. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दवाखान्यात गेलात, पुन्हा बोटानेच पाकळी मिटलीत आणि त्याच खुर्चीत बसून चहा प्यायलात. त्यानंतर तुम्ही मला अण्णा वाटला नाहीत. हाक मारायचे, कारण दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

गॅरेजात मी तार ताणून घेतली, स्क्रू आवळला. दहा मिनिटंही लागली नाहीत. बाई रात्री भाचीकडे राहिल्या आणि सकाळी परत आल्या. इंजिन गारठलेलं होतं. त्यांनी स्वतः बटण ओढलं, चावी फिरवली. पहिल्याच झटक्यात जीप सुरू झाली. बाई स्टिअरिंगवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. "इतकंच होतं? मग तुझे वडील इतकी वर्षं..."

हे सांगायची वेळ यावी म्हणून मी किती वर्षं वाट पाहिली होती. पण तोंडातून निघालं, "तार जुनी झाली की लांबते, बाई. त्यांच्या वेळेला ठीकच होती."

बाईंनी मान हलवली. "हुशार माणूस होता," म्हणाल्या.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहिते. तुमची अब्रू राखली, असं दोन दिवस स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नाही. खरं सांगितलं असतं, तर बाईंनी पुढचा प्रश्न मला विचारला असता: त्या सकाळी तू घरीच होतीस ना?