हाताला लागेल तेवढंच

४ फेब्रुवारी

आलो एकदाचे. मी, आई आणि खोक्यांचा डोंगर. तिसरा मजला, उंच छत, रस्त्याकडे तोंड केलेल्या ऐसपैस खिडक्या. आधीचे मालक काचेचं अवजड कपाट, आरसे, पडदे सगळं तसंच टाकून गेलेत. आईला भारी आवडलं, माझा मात्र जीव घुसमटला. मी तिला सांगून टाकलं की काम झालं की इथे पांढऱ्या भिंती, एक टेबल, दोन खुर्च्या आणि भरपूर हवा एवढंच उरणार. ती म्हणाली, हवा तर बाहेर फुकट मिळते.

७ फेब्रुवारी

डिझायनर बाई येऊन गेल्या. राखाडी कपडे, अंगावर दागिना नाही, चहात साखरसुद्धा नाही. त्यांची पाठ वळताच आईने त्यांचं नाव ‘रिकामटेकडी’ ठेवलं. घरं रिकामी करायचे पैसे घेते म्हणे.

बाईंची पद्धत सोपी आहे. लाल गोल स्टिकरांची गुंडाळी देऊन गेल्या. जे रोज हाताला लागतं ते राहील. बाकीच्यावर स्टिकर लावायचा, आणि स्टिकर लावला की ते जाणार. एकदा लावलेला काढायचा नाही, नाहीतर माणूस मोहात पडतो आणि पसारा जैसे थे.

मी धडाका लावला. कपाट, आरसे, पडदे. मग आईची खोकी. तिचं शिलाई मशीन, तिचे डबे, बाबांची आरामखुर्ची. आई मागे मागे, दर वेळी ‘अगं, असू दे ना’. शेवटी थकून खुर्चीत बसली आणि म्हणाली, मग मलाही लाव एक, मी तरी तुला रोज कुठे लागते? मी हसत हसत तिच्या मनगटावर एक चिकटवला. तीही हसली. नंतर मात्र तिने बाही खाली ओढून घेतली.

१२ फेब्रुवारी

काचेचं कपाट गेलं. सुतार म्हणतो रंगाऱ्याने नेलं, रंगारी म्हणतो सुताराने. कुठे का जाईना, ब्याद टळली. कपाटामागची भिंत अशी गुळगुळीत निघाली की खिळ्याचं भोकही सापडत नाही. रंगाऱ्याने तिथे अजून ब्रश लावलेला नाही.

आज सकाळी शिलाई मशीनही जागेवर नव्हतं. आईने विचारलं तेव्हा मी सांगितलं, माणसं येऊन घेऊन गेली. माणसांची आज सुट्टी होती. मी खोटं का बोलले? खोलात शिरायचं नव्हतं, दुसरं काय.

१७ फेब्रुवारी

आई हल्ली शांत असते. सपातांची फटफट नाही, खोकला नाही, ‘अगं, ऐकतेस का’ नाही. मी दिवसभराचं ऑफिसचं काम एका बैठकीत उरकलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. अगदी बरं वाटलं.

दुपारी दारात येऊन उभी राहिली. भाजी निवडू का, उशीचे अभ्रे शिवू का, काहीतरी काम दे म्हणाली. मी म्हटलं, तू आता फक्त आराम करायचा. वर स्वतःला गुणी मुलगी समजले.

२१ फेब्रुवारी

आरामखुर्ची गेली. आई त्याच जागी फरशीवर बसलेली. उठवायला हात दिला. तिला वजनच नाही. हँगरवरून सदरा काढावा तशी उठली.

बाही वर केली. मनगटावर स्टिकर नाही. तेवढी गोल जागा गुळगुळीत, ना सुरकुती, ना लव. कपाटामागच्या भिंतीसारखी. मी घासलं, साबण लावला, गरम पाणी घातलं. आई म्हणाली, दुखत नाही गं.

२२ फेब्रुवारी

बाईंना फोन केला. सामान आपोआप जातंय म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं नाही. गिऱ्हाईकाचं मन पक्कं असलं की घर लवकर मोकळं होतं, म्हणाल्या. आईचं सांगितलं तर त्यांनी विचारलं, कुणाची आई? तुम्ही एकट्याच राहणार म्हणून तर एक खुर्ची ठरली होती.

दोन ठरल्या होत्या. मी वर लिहिलंय, दोन.

२३ फेब्रुवारी

दादाचा फोन. त्याचं पहिलं वाक्य नेहमी ‘आई कशी आहे’. आज नव्हतं. मीच विषय काढला तर हसला आणि म्हणाला, कुणाबद्दल बोलतेयस? मी ओरडले. तो म्हणाला, तुला झोपेची गरज आहे. आई शेजारीच उभी होती. तिने सगळं ऐकलं.

२४ फेब्रुवारी

हाताला लागतं ते राहतं. मग तिला काम द्यायचं. सकाळपासून दिलं. ती भाजी निवडते, भाजी तशीच. चादरीची घडी घालते, चादर अंथरलेलीच. तरी करत राहिली बिचारी. मग तिनेच विचारलं, माझं काही चुकतंय का?

२५ फेब्रुवारी

इथून निघायचं ठरवलं. दाराबाहेर पाऊल टाकलं आणि ती फिकट— जिन्याचा कठडा तिच्यातून दिसायला लागला. ओढून आत आणली. आता कुठे नेऊ हिला?

२६ फेब्रुवारी

माफी मागितली. मस्करी होती म्हटलं. ती म्हणाली, नव्हती गं. पण असू दे, तुला जागा हवी होती.

खाई त्याला खवखवे. स्टिकर दाबताना आलं होतं मनात. क्षणभरच. हिची खोली रिकामी झाली तर किती छान उजेड— हेच. अगदी हेच. ते तिला कळलं होतं. आणि तरी हसली.

२७ फेब्रुवारी

तिचा हात धरलाय. डाव्या हातात. सोडणार नाही. उजव्याने लिहितेय.

विसरायला नको. बोटांवर सुईच्या टोचण्या. तीळ, भुवईवर. डाव्या— उजव्या? आत्ता तर बघितलं. बोलताना आधी घसा— नाही, ते बाबा. ती मला काय म्हणायची? अगं म्हणायची. अगं, असू—

गार आहे हात. हलका. आहे. आहे अजून.

आई, मला लागतेस तू. रोज. ऐक ना—

उजेड किती आलाय. आतल्या खोलीतून थेट इथपर्यंत. भिंती छान निघाल्या. एक टेबल, एक खुर्ची. हवं होतं तस्सं झालं.

गाल ओले का आहेत कोण जाणे. रंगाचा वास असेल.

डावा हात पार अवघडलाय. एवढी मूठ आवळून कशाला बसलेय मी? आत तर काहीच नाही. सोडते आता, म्हणजे वही नीट ध—