सदतीस सुवर्णं आणि टबाचं बूच

१५ सप्टेंबर १९८८, गुरुवार

टबाचं बूच फाटलं! बायको, रोझविता, अंगाला साबण लावून बसलेली आणि पाणी भसाभस खाली. आतून ओरडली, "तुझ्या कारखान्यात रबर आहे ना रे?"

आहे की. पण यंदाचं सगळं रबर पोहण्याच्या टोप्यांना. योजनेतच तसं लिहिलंय. बुचांचं पुढच्या वर्षी बघू म्हणतात. मी कारखान्यातून आणलेली एक बाद टोपी गुंडाळून भोकात कोंबली. पाणी थांबलं. समाजवादात मार्ग निघतोच, असं म्हणालो — तर ओला टॉवेल तोंडावर.

हानोव्हरला, पश्चिम जर्मनीत, जायचा अर्ज अजून पोलिसांकडेच. तिचा भाऊ झीगबर्ट बारा ऑक्टोबरला साठ वर्षांचा होतोय. मध्ये सीमा उभी राहिल्यापासून बाईनं भावाचं घर पाहिलेलं नाही. या वेळी पहिल्यांदाच अर्ज घेतला तरी. एकटीनंच जायचं. नवरा इथे, तारण म्हणून. म्हणजे मी सावकाराकडे ठेवलेला डाग! कारखान्याचा शेरा चांगला लागला तरच परवानगी. शेरा लिहिणार आमचे पक्षचिटणीस लोबित्झ. म्हणून सध्या मी लोबित्झशी साखरेत घोळून बोलतो.

१७ सप्टेंबर, शनिवार

सोल ऑलिम्पिकचं उद्घाटन. लोबित्झनी कारखान्याच्या बोर्डावरचं भित्तिपत्रक माझ्याकडे दिलं! रोज सकाळी सहाच्या पाळीआधी पदकं लागली पाहिजेत. मथळा त्यांचाच — "कोणती व्यवस्था जास्त वेगानं पोहते?" मला आवडला. रोझविता म्हणाली, व्यवस्था कशाला पोहेल, पोरी पोहतात.

मेहुण्याचं कार्ड आलं. दर ऑलिम्पिकला येतंच. "एकेहार्ट, पदकं मोजून झाली की केळीही मोज." इतकंच. साठीला आला तरी पोरकटपणा जात नाही. आमच्याकडे केळी नाहीत हे खरं. पण केळ्यासाठी कुठल्या देशाचं राष्ट्रगीत वाजलंय?

१९ सप्टेंबर, सोमवार

पोहण्यातलं पहिलं सुवर्ण! पहाटेच उठून बसलो होतो. पोरीनं भिंतीला हात लावला आणि मी टीव्हीला नाक लावलं. टोपी आपलीच! कड पाहून सांगतो, आमच्या तिसऱ्या यंत्राची कड जरा डावीकडे सरकते. रोझविताला हाक मारली. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "आख्खी पोरगी जिंकली, आणि तुला कड दिसली."

कारखान्यात लोकांना सांगितलं. सगळ्यांना आनंद झाला. तिसऱ्या यंत्राच्या माणसाला जरा जास्तच. आता कड दुरुस्त करायची नाही म्हणतो.

२१ सप्टेंबर, बुधवार

दर डोई हिशेब सुरू केला. माझी स्वतःची कल्पना! नुसती पदकं मोजणं अडाण्याचं काम. अमेरिकेत माणसं साडेचोवीस कोटी, आपण पावणेदोन कोटीही नाही. त्यांच्याकडे कुणी ना कुणी पोहणारच. भागाकार केला की कळतं खरं. लोबित्झ खूश. माझ्या पाठीवर चक्क थाप मारली! ही थाप हानोव्हरपर्यंत ऐकू जावो.

सर्दी झालीय.

२२ सप्टेंबर, गुरुवार

नाक बंद, डोकं जड. दोन गोळ्या घेतल्या. संध्याकाळी खुर्चीत पडून जरा शेजाऱ्यांकडे जाऊन आलो. (आमच्या घरात पश्चिमेच्या टीव्हीला 'शेजारी' म्हणतात. भिंतींना कान असतात.) अर्धवट झोपेत होतो पण बातमी पक्की ऐकली. तलवारबाजी — सुवर्ण, रौप्य, कांस्य, तिन्ही! निवेदक ओरडत होता, "तिन्ही पोरी आपल्याच!" मी झोपेतच टाळी वाजवली म्हणे. उद्याचा मथळा तयार.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

मेलो.

२३ सप्टेंबर, पुन्हा

आता नीट लिहितो. सकाळी पावणेसहाला बोर्डावर लावलं, लाल शाईत, हातभर अक्षरं — "तलवारबाजीत तिन्ही पदकं आपलीच! भांडवलशाहीला तीन टोचे!" सहाला पाळी आली. सगळे वाचत होते. कुणी काही बोलेना. मला वाटलं, भारावलेत. कॅन्टीनची इर्मगार्ड हात पुसत आली, वाचलं, माझा हात हातात घेऊन हलवला आणि म्हणाली, "अभिनंदन हो." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. लोबित्झ आले, वाचलं, तोंडावर रुमाल धरला आणि निघून गेले. म्हटलं, माझी सर्दी त्यांना लागली.

नऊला टपालाबरोबर पेपर आला. तिन्ही पोरी पश्चिमेच्या. तिन्ही!! निवेदकाचं 'आपल्या' म्हणजे त्यांच्या!

तीन तास ते लाल टोचे भिंतीवर होते. आख्ख्या कारखान्याला माहीत होतं. पण बोलणार कोण? "चुकलंय" म्हणावं तर पुढचा प्रश्न — तुला कसं कळलं? आमच्या बातम्यांत तर काल रात्री बटाट्यांची काढणी दाखवत होते, रोझविता सांगते. सगळे शेजाऱ्यांकडे जाऊन आलेले, आणि सगळे मुके!

दुपारी लोबित्झनी बोलावलं.

"क्रेचमार, कुठे ऐकलंत हे?"

"रेडिओवर."

"कुठल्या रेडिओवर?"

"स्वयंपाकघरातल्या."

त्यांनी टेबलावरची अर्जांची फाइल पुढे ओढली. मग म्हणाले, तुमच्या पत्नीच्या अर्जावरच्या शेऱ्याचा मला आता पुन्हा विचार करावा लागेल.

घरी येऊन रोझविताला सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बटाटे सोलत होती, सोलतच राहिली. चौघांना पुरतील इतके सोलले.

२४ सप्टेंबर, शनिवार

पोहण्यात आपल्या एका पोरीची पाच सुवर्णं झाली. जेवण गेलं नाही.

२५ सप्टेंबर, रविवार

सहा झाली. एकटीची सहा! रोझविता टब घासत होती, टोपी उचकटून पुन्हा बसवत होती. म्हणाली, "सहा सुवर्णं, आणि न्हाणीला एक बूच नाही." मी म्हटलं, बुचाचीही योजना आहेच. ती म्हणाली, "पोरी सात वर्षांच्या असल्यापासून निवडता, मोजता, पळवता, खाऊ घालता. बुचामागे कुणी असं लागलंय का? ज्याच्यासाठी बॅंड वाजतो तेवढंच या देशात वेळेवर होतं."

उत्तर सुचलं नाही. अजून सुचत नाही. उद्यापर्यंत सुचेल.

२६ सप्टेंबर, सोमवार

सुचलं नाही. पण आज वेगळंच घडलं! इर्मगार्डनं घरी येऊन रोझविताच्या कानात काहीतरी सांगितलं. रोझवितानं लगेच प्लमचा केक भाजला आणि तो घेऊन थेट कारखान्यात, लोबित्झच्या खोलीत! मी दारापाशी. आत जायची हिंमत नाही.

तिनं केक कापला, पुढे ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "लोबित्झ, शुक्रवारी सकाळी सहाला तुम्ही बोर्ड वाचून रुमालात हसलात म्हणे. पेपर तर नऊला आला. मग एवढं हसू कशाचं आलं?"

आतून फक्त चमच्याचा आवाज. लोबित्झनी दुसरा तुकडाही खाल्ला. मग म्हणाले, केक छान झालाय, आणि भावाचा साठावा वाढदिवस माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो.

अशी बायको! मी तिला घरापर्यंत हात धरून आणलं. तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणते ती. खोटं आहे, दुसऱ्यांदा.

३ ऑक्टोबर, सोमवार

काल संपलं सगळं. सदतीस सुवर्णं! अमेरिका छत्तीस! एकानं मागे टाकली! साडेचोवीस कोटींना पावणेदोन कोटींनी! पुढे फक्त सोव्हिएत, पण तो आपला मोठा भाऊ. मेहुण्याच्या देशाची अकरा. रात्री बसून दर डोई तक्ता केला. आपलं साडेचार लाख माणसांमागे एक सुवर्ण. मेहुण्याचं छप्पन्न लाखांमागे. अमेरिकेचं अडुसष्ट! रंगीत खडूनं काढला. डोळे भरून आले.

४ ऑक्टोबर, मंगळवार

इर्मगार्डचं डोकं फिरलंय. तक्ता वाचून म्हणाली, "सुरीनाम कुठेय?" म्हटलं, कोण सुरीनाम? तर त्या देशाच्या एका पोऱ्यानं पोहण्यात एक सुवर्ण नेलंय, आणि त्या देशात माणसं चारच लाख! म्हणजे चार लाखांमागे एक. म्हणजे सुरीनाम पहिला. आपण खाली!

लोबित्झना सांगावं लागलं. ते पृथ्वीचा गोल घेऊन आले. सापडेना. शेवटी दक्षिण अमेरिकेच्या डोक्यावर, बोटाच्या नखाखाली निघाला. "कुठल्या बाजूचा आहे? आपल्या की त्यांच्या?" मला काय ठाऊक! पक्षाच्या जिल्हा कचेरीला फोन केला, त्यांनाही ठाऊक नाही. आपल्या बाजूचा असेल तर लावू, लोबित्झ म्हणाले. त्यांच्या बाजूचा असेल तर? दुपारपर्यंत दार लावून बसलो होतो. अखेर ठरलं — तक्त्याखाली बारीक अक्षरांत: "पाच लाखांखालचे देश स्पर्धेबाहेर."

इर्मगार्डनं कॅन्टीनमध्ये सूप वाढताना विचारलं, आज सुरीनामच्या वाटचं थोडं जास्त वाढू का?

५ ऑक्टोबर, बुधवार

परवानगी आली!!! दहाला निघायचं, पंधराला परत. रोझविता कागद हातात घेऊन स्टुलावर बसली आणि रडली. मीही जरा.

८ ऑक्टोबर, शनिवार

जो तो एकच विचारतो. यंत्रावरचा विचारतो, पोस्टवाली विचारते. इर्मगार्डनं तर सरळ विचारलं, "परत येईल ना रे ती?" म्हटलं, का नाही येणार? घर इथे, नवरा इथे, दर डोई दुसरा नंबर इथे. (सुरीनाम धरून.) लोबित्झना आडून विचारलं, असे गेलेले लोक परत येतात ना? "बहुतेक येतात." बहुतेक म्हणजे शंभरात किती? तो आकडा आपल्याकडे प्रसिद्ध होत नाही, म्हणाले. पदकांचे सगळे आकडे आहेत, आणि हा एवढा एक नाही!

ती बॅग भरतेय. थंडीचा जाड कोट आत ठेवला. पाचच दिवस जायचंय. मी विचारलं नाही.

१० ऑक्टोबर, सोमवार

गेली. खिडकीतून म्हणाली, कपाटात मुरांबा आहे, वरच्या फळीवर. एवढंच. गाडी वळेपर्यंत उभा होतो. नंतरही.

११ ऑक्टोबर, मंगळवार

वरच्या फळीवर मुरांबा नाही. खालच्या फळीवर आहे. चमचे कुठे आहेत? माझं घर आहे आणि मला चमचा सापडत नाही!

१२ ऑक्टोबर, बुधवार

आज झीगबर्टचा वाढदिवस. तिकडे टेबलं भरली असतील. तिला आवडतं ते सगळं असेल. मी आज तक्त्यासमोर उभा राहिलो आणि मला एकही आकडा वाचावासा वाटला नाही. लोबित्झ म्हणाले, पुढच्या आठवड्यात बीट उत्पादनावर करा. हो म्हटलं.

मला भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

सगळं घर पुसलं. खिडक्याही. शेजारीण म्हणाली, "कुणी येणार आहे का?" बायको, म्हटलं. ती 'हो का' म्हणाली. ते 'हो का' मला आवडलं नाही.

१५ ऑक्टोबर, शनिवार

दुपारच्या गाडीला गेलो. सगळे उतरले. गार्डही उतरला. संध्याकाळच्या गाडीलाही गेलो. नाही.

१६ ऑक्टोबर, रविवार

आली. सकाळी, पहिल्या गाडीनं. अंगातला कोटही काढला नाही, तशीच स्वयंपाकघरात बसली. म्हणाली, "काल गाडीत चढलेच नाही मी. तिकडे राहायचंच ठरवलं होतं. पण एकटीनं नाही जमायचं मला." उद्या दोघांचा मिळून अर्ज द्यायचा म्हणते — देश कायमचा सोडायचा. कारखाना जाईल, बोर्ड जाईल, लोबित्झ तोंड फिरवतील, किती वर्षं लटकत राहू कुणास ठाऊक. मी तिच्यापुढे कॉफी ठेवली आणि हो म्हणालो.