तळमजल्यावरची मोटार

२ जुलै १९८४, सोमवार
रिटायर होऊन महिना झाला. आजपासून दोन नियम. एक, रोज डायरी. दोन, कुणावरही हात उचलायचा नाही. जन्मभर शाळेत पी.टी. शिकवताना उचलला तेवढा पुरे.
महाल मोहल्ल्यातलं नवं घर होत आलं. वर आम्ही दोघं, खाली माझं दुकान. माझ्या नावाचा बोर्ड रंगवून आला: गोपाळ स्पोर्ट्स. सुमती म्हणते, तुम्ही घरी बसलात तर पोळ्यांवरही शिट्टी वाजवाल. खरं सांगायचं तर मलाही घरी बसायची भीती वाटते. बोर्डाकडे पाहिलं की बरं वाटतं.

५ जुलै
कॉर्पोरेशनचा ओव्हरसियर ताराचंद येऊन गेला. माझाच विद्यार्थी. म्हणाला, नकाशात तळमजला पार्किंगचा आहे, दुकान कसं करता? एका मोटारीची आणि काही स्कूटरींची जागा सोडावीच लागेल. माझ्याकडे सायकल आहे. तीही मेहुण्याची.
सूट मिळू शकते. गल्लीत मोटार शिरतच नसेल तर पार्किंग माफ. नाहीतर जवळपास दुसरी जागा दाखवायची, मालकाच्या संमतीने. मी त्याला शांतपणे समजावलं. समजावताना त्याचा कान माझ्या हातात आला. त्याने माझी टोपी नालीत फेकली. एकंदरीत भेट चांगली झाली.

१४ जुलै, शनिवार
गल्लीत मोटार शिरत नाही हे सिद्ध करायचा दिवस. मेहुण्याच्या ओळखीने ॲम्बेसेडर आणली. ताराचंद हजर. गाडी कोपऱ्यावर अडकवायची, एवढाच प्लॅन. मी पुढे उभा राहून ड्रायव्हरला इशारे देणार होतो.
पण शिट्टी तोंडात असली की माझ्याकडून चुकीचं काम होत नाही. थोडं डावीकडे, थोडं मागे, आता सरळ, असं करत गाडी बरोबर माझ्या दारात येऊन उभी राहिली. मोहल्ल्याने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग लक्षात आलं.
ड्रायव्हरला एक ठेवून दिली. त्याने दोन दिल्या. चिडून गाडी मागे घेताना त्याने शेजारच्या रुपरावच्या पिठाच्या चक्कीचा ओटा फोडला. रुपराव बाहेर आला. त्याच्या मुठीवर मी नाक आपटलं.

१५ जुलै
नाक सुजलं. राग अजिबात नाही.

२२ जुलै
नवा प्लॅन. चक्कीमागे रुपरावची मोकळी जागा आहे. तीच माझं पार्किंग म्हणून दाखवायची. संमती मागायला पेढे घेऊन गेलो.
रुपरावचं म्हणणं, मास्तर, पोरं मंग बडग्या कुठं बनवतीन जी, तुमच्या डोक्यावर काय? बडग्या म्हणजे त्या वर्षी जो कुणी लोकांच्या डोक्यात गेला असेल त्याचा पुतळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीसोबत, म्हणजे गावची इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्यासोबत निघतो, झोडपतात, जाळतात. मी म्हणालो, बांबू-कागदाच्या बाहुल्यासाठी माझं दुकान अडवता? त्याने पेढ्यांचा पुडा माझ्या तोंडावर मारला. मी कणकेचं पोतं त्याच्या डोक्यावर रिकामं केलं. पुढचं पिठात नीट दिसलं नाही. पण माझी सरशी होती. सुमती म्हणते, तुम्ही पोत्याखाली होता.

५ ऑगस्ट
संमती नंतर मिळेल, आखणी आधी करून ठेवावी, म्हणून पहाटे त्या जागेत चुन्याच्या रेघा मारल्या. कबड्डीच्या ग्राउंडसारख्या सरळ. मध्ये गोपाळ स्पोर्ट्सचा बोर्ड रोवला.
रुपरावची बायको मनकर्णा मुसळ घेऊन आली. काहून आमच्या जागेत घुसून राहिले, म्हणाली. बायकांवर मी हात उचलत नाही, म्हणून बोर्ड उपटून ढालीसारखा पुढे धरला. ‘स्पोर्ट्स’चे तुकडे झाले. ‘गोपाळ’ शाबूत. हा शुभशकुन आहे.

२० ऑगस्ट
ते नमले. रुपरावने निरोप धाडला, झालं गेलं जाऊ द्या, यंदाचा बडग्या पार्किंगचा हाये, पहिला फटका मास्तरनंच माराचा. डोळ्यांत पाणी आलं. बडग्या ताराचंदचा असणार, दुसरा कोण? फटका असा मारीन की रुपराव तिथल्या तिथे संमती देईल. सुमती माझे ड्रिलचे जुने कपडे कुणाला तरी देत होती. देऊ दे.

२७ ऑगस्ट, मारबतीचा दिवस
चक्कीसमोर तुफान गर्दी. बडग्याच्या तोंडावर पोतं, पांढरी पँट, पायाखाली पुठ्ठ्याची ॲम्बेसेडर. रुपरावने काठी माझ्या हातात दिली. मी नियम क्रमांक दोन एका दिवसासाठी स्थगित केला.
पहिल्या फटक्यात बडग्याची बरगडी मोडली. दुसऱ्यात हात तुटला. लोक बेभान होऊन ओरडत होते, मास्तरची शिट्टी घेऊन जा गे मारबत. मला वाटलं, माझाच जयजयकार. तिसऱ्या फटक्याला पोतं गळून पडलं. मिशी माझी. गळ्यात माझी शिट्टी, जुन्या कपड्यांच्या खिशात राहिलेली. पँटच्या गुडघ्याला सुमतीने घातलेलं ठिगळ.
गर्दीत ताराचंद दिसला. तो हसत नव्हता, म्हणून जास्त लागलं.
काठी टाकून घरी यायला हवं होतं. पण हात थांबेना. शेवटचे काही फटके मी कुणाला मारतोय हे नीट पाहून मारले. रुपरावने काठी काढून घेतली आणि मला त्याच फुटक्या ओट्यावर बसवून पाणी पाजलं.

२८ ऑगस्ट
ताराचंदला कळवलं, तळमजला पार्किंगच राहील.
सकाळी रुपराव स्कूटर घेऊन दारात. लावू काय जी इथं, म्हणाला. वाकडी लावली. त्याच्यामागून आणखी दोघे आले, त्यांनी त्याहून वाकड्या लावल्या. मला बघवेना. सुमतीने काल जळलेल्या बडग्यातून शिट्टी शोधून, चिंचेने घासून ठेवली होती. पितळी आहे, काही झालं नाही. वाजवली. तिघांनी निमूटपणे स्कूटरी रांगेत लावल्या.
खाली खुर्ची टाकली आहे. तिचा एक पाय आखूड निघाला. ‘गोपाळ’ लिहिलेला तुकडा त्याखाली घातला. आता डुगडुगत नाही.