उलटा चढणारा माणूस

३ नोव्हेंबर, सोमवार
माझ्या हातचं: दोह्यात अल नस्रच्या या खोलीतलं कपाट, दुमडतं टेबल, आणि जपानी रेल्वेगाडीचा लाकडी डबा. एक हात लांब. दारं सरकतात, वरच्या कड्या हलतात, आत बेचाळीस माणसं, सगळी वेगवेगळी. शिकवलं कुणी नाही. वर्कशॉपातले उरलेले तुकडे आणि सुट्टीतले व्हिडिओ.
आणि ओसाकाला ट्रेनिंगला कोण गेलं? रूममेट दिलीप. एसीवाला. वायर सोलायला त्याला मी शिकवलं.

५ नोव्हें., बुध.
दि.चा व्हॉइस मेसेज. सकाळच्या गर्दीत दाराशी उभा होता. स्टेशनात दाराजवळचे खाली उतरले, आतल्यांना वाट द्यायला. हाही उतरला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. गाडी गेली.
उतरलेल्यांनी आधी परत चढायचं असतं. मला दोह्यात बसून माहीत आहे.
मेसेज परत ऐकला. बरं वाटलं.

६ नोव्हें., गुरु.
चिपळूणहून हिचा फोन. दि.चे व्हिडिओ वाडीभर फिरतायत. "एवढ्या गर्दीत कोण बोलत नाय हो." हेच मी सांगितलं होतं तेव्हा ही भाजी निवडत होती.

७ नोव्हें., शुक्र.
दि.ला डब्याचे फोटो पाठवले. बघू दे म्हटलं.
उत्तर: "दादा, झकास. पण दारातला शेवटचा माणूस उलटा पायजे. इथे पाठ आत करून चढतात, वरची चौकट धरून मागे रेटतात. मी पण आता तसाच चढतो."
मी पण!
व्हिडिओ परत बघितले. बरोबर आहे त्याचं. इतकी वर्षं मी दाराच्या रबराची जाडी बघत बसलो.

८ शनि.
तो माणूस उपटला. गोंद सुटेना, त्याचा घोटा मोडला. नवा कोरायला घेतला. दि.ला कळवलं नाही.

१० सोम.
नवा बसवला. पाठ आत, हात वर, तोंड बाहेर माझ्याकडे. नाकावरून दि. वाटतो. तासलं, तरी तोच.
संध्याकाळी त्याचाच फोन. तिथल्या साहेबाला निरोपाची भेट म्हणून डबा हवाय. पैसे कंपनी देणार, त्यांचा इथला मॅनेजर गुरुवारी तिकडे निघतोय, तो नेईल. "नाव तुझंच सांगेन, दादा."
म्हणजे डबाही जाणार. मी सोडून सगळे.
नाही म्हटलं. म्हणाला, गुरुवारपर्यंत विचार कर.
दोन हजार रियाल.