बाबांची सुनावणी

ता. ४

ती. दादा यांस चिमीचा सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. बाबांची घोंगडी, दोन चादरी आणि कंदील, काच शाबूत. हमाल दुप्पट मागत होता, निम्म्यावर आणला. बाबा पुढच्या एक तारखेला यायचे म्हणून मागच्या खोलीला नवा गिलावाही झाला आहे.

पण मध्येच हे आलं. यांचा रॉकेलविक्रीचा परवाना रद्द झाला. काल शिपायाने दुकानावर हुकूम डकवला आणि कुलपाला लाख लावली. हुकुमात एकच ओळ: तक्रारीवरून रद्द. कसली तक्रार, काही नाही. यांना कोणी बोलावलंही नाही. हे कचेरीत गेले तर कारकून म्हणाला, आता सही झाली, काय उपयोग. वरच्या साहेबांकडे अपील केलं आहे. देव पाहतोच आहे, पण अर्ज आपल्यालाच करावा लागतो.

बाबांना इतक्यात सांगू नका. आहे तो लोभ कमी करू नये.

चिमी

ता. ९

चि. चिमीस अ. आ.

पत्र वाचून मान खाली गेली. रॉकेलात भेसळ केल्याशिवाय सरकार परवाना काढून घेईल का? आग असल्याशिवाय धूर निघत नाही. तुझ्या वहिनीचंही हेच मत, आणि तिच्या मतावर अपील नसतं.

बाबा आता तिकडे येणार नाहीत. चिमीकडे अडचण आहे, एवढंच त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. घोंगडी परत पाठव.

दादा

ता. २६

ती. दादा यांस सा. न. वि. वि.

घोंगडी पाठवत नाही. एका वस्तूची हमाली दोनदा देण्याची आपल्या घरची रीत नाही.

अपिलाचा निकाल लागला. वरचे साहेब म्हणाले, माणूस दोषी असो नसो, आधी नोटीस द्या, त्याचं ऐका, मग ठरवा. दुकान तूर्त उघडलं. पाठोपाठ रीतसर नोटीस आली आणि तक्रार पहिल्यांदा कळली. भेसळीची नाहीच. दुपारी दुकान बंद असतं, गिऱ्हाईक हात हलवत परत जातं, एवढीच.

आणि ती खरी आहे. बाबांच्या खोलीचा गिलावा करायला हेच आठवडाभर दुपारी घरी येत होते. गवंड्याची मजुरी वाचवा, असा माझाच हट्ट. हे म्हणतात, आजारी होतो असं सांगू. मी म्हटलं, बोलायला मिळावं म्हणून भांडलो, ते खोटं बोलायला का? गुरुवारी सुनावणी आहे, आहे ते सांगतील. परवाना गेला तर विचारून गेला, एवढं तरी समाधान.

तुम्ही मात्र एका पत्रात दोघांचा निकाल लावलात, आमचा आणि बाबांचा. ते बोलले नाहीत म्हणता, पण त्यांना विचारलंत का? लहान तोंडी मोठा घास होतो, तरी एकदा विचारा. नको म्हणाले तर घोंगडी माझ्या खर्चाने पाठवीन.

चिमी

ता. ३०

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या भावाने मला समोर बसवून तुझी पत्रं वाचून दाखवली आणि माझं म्हणणं विचारलं. घाम त्यालाच फुटला होता. म्हटलं, इथे चहा गोड मिळतो, पण बोलायला कोणी नाही. चिमीकडे साखर मोजून, पण बडबड भरपूर. परवाना राहो की जावो, मी जाणार.

एक तारीख आता गाठत नाही, तुझं उत्तर आलं की निघतो. सोडायला तोच येतो आहे. जावईबापूंशी त्याला काही बोलायचं आहे. त्याचंही ऐकून घ्या.

खाट खिडकीशी लाव. गुरुवारी काय झालं आणि गिलावा नीट वाळला का, ते उलट टपाली कळव.

बाबा