बारीक दोरा आणि सासरेबुवा

तीर्थरूप दाजींना साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्ष घालता येत नाही, म्हणून पत्रातला पूर्ण धरावा.) आपली तब्येत ठणठणीत असणारच, दुसऱ्याला चार पानं भरून झापणाऱ्या माणसाची तब्येत मी अजून बिघडलेली पाहिली नाही. ताईच्या पाठीला आराम पडला का? तिचे ब्लाउज तयार आहेत, काजं तेवढी राहिलीत. आमच्याकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे ही माझ्याशी बोलत नाही आणि दुकानात गिऱ्हाइकं बोलायची थांबत नाहीत. त्याचं कारण पुढं येईलच.

आपलं पत्र मिळालं. मजकूर समजला आणि लागलाही. आपण गळवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष आहात, तेव्हा उपदेश करण्याचा हक्क तुम्हाला दोन्हीकडून पोचतो, पदानं आणि नात्यानं. तुमचं म्हणणं असं, की जाड तंगुसावर मासा चटकन काठाला येतो, फार दमत नाही, सोडला तर जगतो. (तंगूस म्हणजे गळाचा दोरा, हे ताईसाठी, कारण पत्र तीच मोठ्यानं वाचून दाखवते.) उलट बारीक तंगुसावर ओढता येत नाही, तासन्‌तास खेळवावं लागतं, आणि मग सोडला काय न सोडला काय, तो दमूनच मरतो. हे सगळं कशासाठी, तर मंडळाच्या भिंतीवरच्या विक्रमांच्या पाटीवर नाव लागावं म्हणून. हा खेळ नव्हे, छळ आहे, असं आपण अधोरेखित करून लिहिलंत. एकदा केलं असतंत तरी दिसलं असतं.

मला हे अजिबात मान्य नाही. जाड दोऱ्यानं काय, कुणीही ओढेल! दाभण घेऊन पोतं शिवणाऱ्याला कुणी शिंपी म्हणतं का? बारीक दोऱ्यात निदान माशाला तोडून जायची मोकळीक असते. तुमच्या वार्षिक सभेत सभासदांना तेवढीसुद्धा नसते, आणि दमून मरायला टेकलेले लोक मी तिथंच जास्त पाहिलेत. शिवाय बारीक तंगुसाच्या वर्गात सध्या पाटीवर नाव आहे ते दंतवैद्याचं. तो माणूस माझ्याकडून पँट शिवून घेतो आणि प्रत्येक ट्रायलला आपल्या माशाची गोष्ट सांगतो. तोंडात टाचण्या धरून मी ती किती वेळा ऐकली असेल? छळ म्हणतात तो हा.

तर गेल्या रविवारची हकीगत. जी कानावर पोचण्याआधीच तुम्ही सुतावरून स्वर्ग गाठलात, तीच. माझ्या गळाला सासरेबुवा लागले. होय, तेच! तळ्यातल्या त्या मिशाळ धुडाला हे नाव तुम्हीच ठेवलं होतंत, कारण तो येतो, खातो आणि मागं वळूनही न बघता निघून जातो. (ते नाव आमच्या वडिलांवरून ठेवलंय हे आम्हाला तेव्हाच कळलं होतं. ते स्वतःही हसले होते, म्हणून विषय तिथंच मिटला.) नाश्त्यानंतर लागलेला हा मासा ऊन डोक्यावर आलं तरी दमेना. बारीक दोऱ्यावर ओढायचं नसतं, तो जाईल तिकडं गुमान मागं जायचं असतं, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ती कला अंगात मुरलेली असते. होडीवाला मात्र वैतागला. आम्ही त्याला कासव म्हणतो, वल्ही मारण्याच्या वेगावरून. एका माशामागं तळ्याला तीन फेऱ्या घालायला लागल्यावर त्यानं मला, माझ्या दोऱ्याला आणि माशाच्या पूर्वजांना यथेच्छ नावं ठेवली.

तोवर काठावर गर्दी जमली. त्यात ज्यांचे कोट द्यायचे राहिलेत अशी माझीच गिऱ्हाइकं होती. त्यांना मी, आजारी आहे, असा निरोप पाठवला होता. एक जण ओरडून बाह्यांचं विचारत होता, दुसऱ्याला लग्नाची तारीख सांगायची होती, आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती, कारण पळावं तर दोरा तुटेल! त्या गर्दीत पिशवी हातात धरून ही उभी होती. आणि दंतवैद्य आला होता. तोंड उघडं टाकून उभा होता, धंद्याच्या अगदी उलट.

शेवटी सासरेबुवा काठाशी आले. आडवे झाले होते. नियम तुमचाच आहे, की मंडळाच्या काट्यावर, जमिनीवर, राखणदारासमोर वजन व्हायला हवं. राखणदार काट्याच्या खोलीची किल्ली खिशात घालून दाढी करायला गेलेला. तेव्हा मी गुडघाभर पाण्यात उतरून माशाला दोन्ही हातांनी सरळ धरून उभा राहिलो, वाट बघत. त्याचे कल्ले उघडायचे, मिटायचे, मग बराच वेळ काहीच नाही. मला उगाच वडील आठवले. शेवटच्या दिवसांत त्यांना काखेत धरून अंगणात असंच उभं करायचो, आणि तेही असेच, जणू मी तिथं नाहीच असे, समोर बघत राहायचे. मला वाईट वाटलं, दाजी. ते लिहायला मी लाजत नाही.

इतक्यात दंतवैद्य जवळ आला आणि मला धीर देत म्हणाला, “घाबरू नका हो, मेला म्हणून वजन काही कमी होत नाही!”

वाक्य बिनचूक होतं. गेल्या महिन्यात तुम्हाला लिहिलेल्या पत्रात माझंही जवळपास हेच वाक्य आहे. पण त्याच्या तोंडून ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. मी पाठ फिरवली, गळ काढला, आणि माशाचं तोंड खोल पाण्याकडं करून त्याला मागंपुढं हलवत राहिलो. पाय बधिर झाले. राखणदार गुळगुळीत होऊन, किल्ली वाजवत आला तरी मी हलवतच होतो. मग शेपटीनं माझ्या मनगटाला एक हिसडा बसला आणि हात रिकामे झाले. मी त्याला सोडलं नाही, धरायचं थांबलो. यात तुमच्या पत्राचा काडीचाही संबंध नाही, आणि ‘मी म्हणालोच होतो’ असं आपण लिहिणार असाल तर तिकीट वाया घालवू नये. बारीक दोरा हीच खरी कला आहे, या मतावर मी ठाम आहे आणि राहीन. ही मात्र त्या दिवसापासून बोलत नाही. तिनं वजन झाल्यावर सगळ्यांना घरी त्याच माशाच्या जेवणाला बोलावलं होतं.

ताईला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला, न वाकलेला (गुडघा सोडून),
मेहुणा

ता. क. वजन झालं नाही तरी मापं चालतात का, असं राखणदार विचारत होता. पाण्यात उभा असताना गळ्यातल्या टेपनं मी लांबी आणि घेर घेतला होता. पण सवयीनं दोन्हीत दोन दोन बोटं ढिली धरली. त्या मापावर सासरेबुवांना कोट ऐसपैस बसेल, विक्रम बसणार नाही.

ता. क. २. येत्या बैठकीत बारीक तंगुसाचा वर्गच बंद करायचा ठराव आणावा. मी सांगितलं असं कुठं म्हणू नये. मी तिथं उभा राहून कडाडून विरोध करीन, तिकडं लक्ष देऊ नये. दंतवैद्याचं नाव पाटीवर कायमचं राहिलं तरी चालेल.

ता. क. ३. बैठक रविवारच्या आधी घ्यावी. रविवारी दंतवैद्य बारीक दोरा घेऊन सासरेबुवांच्या मागं जाणार आहे. आणि तो गेला, तर मला घरी बसवणार नाही.