अडतीस टक्के

३ मार्च, सकाळी ६
निश्चय: आजपासून रोज सहाला लॅबमध्ये. मँगनीज ऑक्साइडची गोळी, शर्टाच्या बटणाएवढी. विजेवरचा चुंबक चालू केला की हिचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, उतरायला हवा. किती, हे मोजण्यात दोन वर्षं गेली, अजून आकडा नाही. २० तारखेला समिती. काही दाखवलं नाही तर फेलोशिप बंद. ताईने शाळा सोडून शिलाई मशीन धरलं म्हणून मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. रिकाम्या हाताने परत जाणं शक्यच नाही.

४ मार्च
उठायला साडेआठ. काल फार लवकर उठल्यामुळे.

७ मार्च
मिळालं! चुंबक तासभर चालू, रेझिस्टन्स अडतीस टक्क्यांनी उतरला! पुस्तकात चार टक्के लिहिलंय. पुस्तक जुनं आहे. घरी फोन केला. बाबा म्हणाले, अडतीसच? पास तरी झालीस ना? ताई रडली. मीही.

९ मार्च
चुंबक बंद केला, तरी रेझिस्टन्स लगेच वर येईना. दोन तास लागले. घाबरले. मग उलगडा झाला: पदार्थाला आठवण राहते! हे कुणालाच सुचलेलं नाही. लॅबमधल्या सीनिअरने विचारलं, गोळीचं टेंपरेचर मोजतेस ना? म्हटलं, भिंतीवर थर्मामीटर आहे की. तो हसला. पाच वर्षं झाली त्याला इथे, जळणारच.

१२ मार्च
वर्कशॉपवाले काका म्हणाले, पोरी, चुंबकाची कॉइल तापतेय, थंड पाण्याचा कॉक उघडलास का? हात तरी लावून बघ. मी सांगितलं, काका, एवढ्या नाजूक प्रयोगाला हात लावत नाहीत. ते म्हणाले, बरं बाई, तुझं चालू दे.

१३ मार्च
काकांशी तोडून बोलले. उद्या माफी मागायची. कॉक बघायचा.

१५ मार्च
दोन्ही राहिलं. चुंबकाची दिशा उलटी केली, तरी तेवढीच उतरण. सिद्धान्त हेच सांगतो. आता शंकेला जागा नाही. झोप मात्र लागत नाही.

१८ मार्च
माझ्या गाईड सरांनी समितीपुढच्या भाषणाच्या तालमीत एकच गोष्ट सांगितली: चुंबक बंद ठेव आणि गोळीजवळ टेबललॅम्प लाव. लावला. तासाभरात अडतीस टक्के. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले, एकच रेघ दिसली. दिव्यालाही चुंबकीय क्षेत्र असतं! दुपारपर्यंत हिशेब केला. एवढं नसतं.
मग कॉइलला हात लावला. पोळला.

२० मार्च
कुणी विचारायच्या आत मीच समितीला सांगितलं, हा चुंबकाचा परिणाम नाही, तापलेल्या कॉइलच्या उष्णतेचा आहे. खोटं सांगून टिकण्यापेक्षा बरं. वाटलं, प्रामाणिकपणावर खूश होतील. अध्यक्षबाईंनी विचारलं, म्हणजे दोन वर्षं तू नक्की काय मोजलंस? मी वही उघडून पहिल्या पानापासून दाखवायला लागले. शेवटी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. म्हणजे विश्वास आहे त्यांचा!

३१ मार्च
पाणी चालू. टेंपरेचर स्थिर. वीस वेळा मोजलं. उतरण: ०.४ टक्के. मोजण्यात होऊ शकणारी चूक: ०.५ टक्के.
सरांनी वही नीट तपासली. म्हणाले, शाब्बास, आता पद्धत अगदी बरोबर आहे. मग ड्रॉवर उघडून फेलोशिप बंद झाल्याचं पत्र दिलं. त्यावर तारीख २१ मार्चची होती.